बाबांची झोप शोधायला सेंट पीटर्सबर्गला

रशिया आमच्या घरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. पण बारा पॉवरलूमची शेड विकून आम्ही भिवंडीतच एका नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला आलो आणि बाबांची झोप उडाली. चाळीस वर्षं ते शेडच्या वरच्या खोलीत, त्या खडखडाटात घोरले. धागा तुटून एखादा लूम थांबला तरच त्यांना जाग यायची. आता सगळेच लूम थांबलेले, म्हणून हे रात्रभर टक्क जागे. डॉक्टर झाले, दुधात जायफळ झालं, गणेशपुरीच्या गरम कुंडातली आंघोळही झाली. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मला खरोखर भीती वाटत होती.

मी मानकोलीच्या एका गोदामात डिस्पॅच बघते. तिथल्या एकानं सांगितलं की जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गला रात्र अशी होतच नाही. मी घरी गंमत म्हणून सांगितलं, तर बाबा ताडकन उठून बसले.

"जिथं रातच व्हत न्हाय, तिथं झोप न्हाय आली त कोन इचारनार? चल बाय, तिथंच जाव."

मी तिकिटं बघायला बसले. आईनं दुखऱ्या गुडघ्यांचं कारण पुढे केलं आणि अंग काढून घेतलं.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. आपली बँकेची कार्डं तिथं चालत नाहीत, त्यामुळे डॉलर रोख न्या, तेही कोऱ्या नोटा. चुरगळलेली नोट बघून तिथले लोक नाक मुरडतात. रूबल जवळपास रुपयाएवढाच, हिशेब सोपा. आम्ही आखातात विमान बदलून गेलो. सगळ्या प्रवासात कठीण टप्पा एकच, मानकोली नाका. तिथं ट्रकांच्या कोंडीत दीड तास गेला.

पहिल्या दिवशी शहर पाहिलं. कालवे, पूल, सोन्याचे कळस, सगळं देखणं. खाण्याचं मात्र सांभाळा. सूपवर शेपू, बटाट्यावर शेपू, माशावर शेपू! बाबांनी चमचा खाली ठेवला. "शेपू खायाला इमानात बसलो व्हतो का आपन?" ब्लिनी नावाची घावनासारखी धिरडी मिळतात, त्यांवर आमचं भागलं.

रात्री अकरा वाजता खिडकीत लख्ख उजेड. बाबा खुर्चीत बसून समाधानानं बाहेर बघत होते. मी उशी डोक्यावर घेऊन तळमळत होते. म्हणजे आता खोलीत दोघं जागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची, तिथल्या झारच्या राजवाड्याची तिकिटं होती. महिनाभर आधी एजंटाकडून काढलेली. आम्ही मेट्रोनं निघालो. ऐंशीच्या आसपास रूबल द्या आणि बाहेर पडेपर्यंत कितीही फिरा. मेट्रो इतकी खोल आहे की सरकत्या जिन्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उतरत राहायचं. गाडी बोगद्यात शिरली आणि जो खडखडाट सुरू झाला! बाबांनी माझा हात दाबला.

"बाय, आयकतेस? बाराच्या बारा लूम चालू हायेत!"

आणि पुढच्या स्टेशनाआधी ते झोपले. घोरायलाही लागले. स्टेशन आलं, गाडी थांबली की एक डोळा उघडायचा, बोटं धागा जोडल्यासारखी हलायची, गाडी सुटली की पुन्हा झोप. डोकं शेजारच्या रशियन आजीबाईंच्या खांद्यावर.

आमचं स्टेशन आलं. मी बाबांना हलवायला गेले, तर आजीबाईंनी माझा हात झटकला. मी त्यांना राजवाड्याचं तिकीट दाखवलं. त्या फोनमध्ये काहीतरी बोलल्या आणि फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर हिंदीत भाषांतर उमटलं होतं : "महल कहीं नहीं जाएगा। पिता को सोने दो।"

दारं बंद झाली. राजवाडा गेला. आजीबाई त्यांच्या स्टेशनवर उतरल्या तेव्हा बाबांचं डोकं त्यांनी अलगद माझ्या खांद्यावर ठेवलं. मी आधी चिडले होते, मग गाडीत सगळ्यांदेखत रडले.

उरलेले चार दिवस आम्ही मेट्रोच्या लाल मार्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. शेवटच्या स्टेशनवर गाडी रिकामी करावी लागते, तेवढं बाबांना उठवायचं, उतरायचं, परतीच्या गाडीत बसायचं. एवढ्या सुंदर शहराचं तळघर मला पाठ झालं. आईला दाखवायला या टोकापासून त्या टोकापर्यंतची एक फेरी मी फोनवर रेकॉर्ड केली.

आता घरी तेच रेकॉर्डिंग बाबांच्या उशाशी रात्रभर लावून ठेवते. बाबा झोपतात. अडचण एकच. रेकॉर्डिंगच्या शेवटी माझाच आवाज आहे : "बाबा, उठा, शेवटचं स्टेशन आलं." तो आला की बाबा उठतात, चपला घालतात, पलंगाच्या काठावर बसतात, गाडी पहिल्यापासून सुरू झाली की चपला काढून पुन्हा आडवे. पाऊण तासाला एकदा. आईनं परवा हात जोडले.

सकाळी चहाला मी म्हटलं, "बाबा, तो माझा आवाज कापून टाकते."

"नको," बाबा म्हणाले. "शेडमदी रातपालीला कोनतरी जागा असायचा, म्हनून त मी निजायचो. तुजा आवाज आयकला का समजतं, कोनतरी जागा हाय."