एरंडेलाची जाळी

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही भाईंदरला राहत होतो आणि मी रॉकेटच्या घन इंधनावर संशोधन करत होतो. असं सांगितलं की लोक आदराने बघतात. प्रत्यक्षात मी एरंडेल तापवायचो.

घन इंधन म्हणजे प्राणवायू देणारा क्षार, ॲल्युमिनियमची पूड आणि दोन्हींना धरून ठेवणारं एक रबर. साठच्या दशकात हे रबर बाहेरून यायचं. आमच्या साहेबांना ते देशी एरंडेलातून करायचं होतं. पण तेलात पाण्याचा अंश राहिला की रबरात वायूचे बुडबुडे अडकायचे, जाळी पडायची. आणि जाळीचं इंधन भलत्याच वेगाने पेटून रॉकेटच फोडतं. नुसत्या रबराचे दोन नमुने तसे वाया गेले होते. तिसराही गेला तर एरंडेलाचं काम बंद, असं वरून कळलं होतं.

तो तिसरा शनिवारी ओव्हनमध्ये ठेवून मी घरी आलो आणि शंका आली, तेल वाळवल्यावर बाटलीला बूच लगेच लावलं होतं का? उघडं राहिलं तर ते हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं. प्रयोगशाळा आता सोमवारीच उघडणार.

रविवारी आईने आंबोळ्या घातल्या. ती रत्नागिरीची. पहिली उलटत म्हणाली, "बघ, कशी जाळी पडलीय."

"मला नको."

"अहो, जाळीने काय केलं तुमचं?" बायकोने विचारलं.

कामाचं घरी बोलायची बंदी. मी म्हणालो, "गुळगुळीत हवी होती."

"सूनबाई, ह्याला शिळी पोळी वाढ," आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली.

मी मिठागरांकडे चालत सुटलो. हवा इतकी दमट की सदरा पाठीला चिकटला. तिथली माणसंही पाणीच आटवत होती, पण त्यांच्या मदतीला ऊन होतं. घरी आलो, पुन्हा निघालो. शेवटी बायको म्हणाली, "फिरायचंच आहे तर दळण तरी आणा." आणलं. डबा दुसऱ्याचा निघाला.

सोमवारी साहेबांनी नमुना मधोमध कापला. आतून साबणाच्या वडीसारखा एकसंध. त्यांनी तो भिंगाखाली धरला, अंगठ्याने दाबला, पुन्हा भिंगाखाली धरला.

"काम चालू राहील," ते म्हणाले. "आता क्षार मिसळून बघू. आणि यापुढे तेल तुम्हीच वाळवायचं. तुमच्या हाताला जमलंय."

मी मान डोलावली. हाताने नक्की काय केलं होतं, ते मला अजूनही आठवत नव्हतं.