सक्करचाचीच्या अनुभवात मी घातलेली ओळ

देवाच्या नावाने खोटं लिहिणाऱ्याला देव जवळ करतो का, ही शंका मला एकेकाळी फार छळत होती. शंका दुसऱ्या कुणाबद्दल असती तर मी उत्साहाने चार पानं खरडली असती. पण खोटं लिहिणारा मीच होतो.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेल्या त्या दिवसांत आमच्या मानवतला शेजारी शेजाऱ्याशी मोजकंच बोलू लागला होता. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. माणसं समोरासमोर बोलत नसतील तर निदान एकमेकांचं वाचतील, असं मनात घेऊन मी एक मासिक काढलं. मासिक म्हणजे सायक्लोस्टाइल केलेली आठ पानं. माळकरी, बुद्धविहारात जाणारी बाई, दर्ग्यावरचा फकीर, चर्चला जाणारी नर्सबाई, सगळ्यांचे अनुभव त्यात मांडीला मांडी लावून बसायचे. कुठल्या मठाची जाहिरात नाही, पुढाऱ्याचा फोटो नाही. आणि एक नियम : लिहिलेलं सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं, त्याने प्रत्येक वाक्याला ‘हां’ म्हटलं तरच छापायचं. या नियमाचा मला भारी अभिमान. तो मोडणारा पहिला माणूसही मीच.

सक्करचाची दारोदार बांगड्या विकायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हाताचं माप बोटांनीच घ्यायची. तिचा अनुभव एवढाच, की गुरुवारी दर्ग्यातल्या लिंबाखाली बसलं की अंधाराचं भय जातं. मला तो अळणी वाटला. चित्रकलेचा मास्तर मी, रंग भरल्याशिवाय हात थांबेना. शेवटी एक ओळ घातली : ‘आणि अकराव्या गुरुवारी डोळे पहिल्यासारखे झाले.’ चाची सोनपेठच्या बाजाराला गेली होती, म्हणून वाचून दाखवणं राहिलं. खरं सांगायचं तर मी तिची वाटच बघितली नाही. अंक मात्र असा गाजला, की आठवडाभर मी मान ताठ करून हिंडत होतो.

मग एका रविवारी सकाळी सोनपेठकडचा केरबा नावाचा गडी आईला हाताला धरून दारात उभा राहिला.

“गुरुजी, त्यो दर्गा कुठं हाय? मायला अकरा गुरुवार बसवायचंय.”

त्याच्या आईलाही मोतीबिंदू. परभणीच्या डोळ्यांच्या शिबिरात तिचं नाव लागलेलं, आणि शिबिराचा तो शेवटचा दिवस.

“मग शिबिराचं काय?” मी विचारलं.

“कापाकापी कशाला, गुरुजी? तुमच्या पेपरातच छापून आलंय की! आमी परवा ऊसतोडीला जायलाव. माय ऱ्हाईल इथं मावशीकडं.”

माझ्या एका ओळीपायी म्हातारीचे डोळे जायची वेळ आली होती. तरी तोंडून खरं निघेना. खरं बोललो तर मासिक बुडणार, आणि माझी ताठ मानही. मी सुरू केलं, “तसं बघितलं तर अनुभव ज्याचा त्याचा असतो...” मी जितकं गोल बोलावं तितका केरबा भक्तिभावाने मान डोलवायचा. शेवटी मनातल्या मनात हात टेकले. म्हटलं, देवा, माझी अक्कल संपली. आता तूच सोडव.

तेवढ्यात भिंत चाचपत सक्करचाची अंगणात आली. रविवारी ती आमच्या गल्लीत कधीच येत नसे. सोडवायचं राहिलं बाजूला, देवाने मला रंगेहाथ पकडून दिलं!

बांगड्यांच्या टोपलीवरून ओळखून केरबा तिच्या पाया पडला. “चाची, डोळे पयल्यावानी झालेत म्हनं तुमचे?”

“कुनाचे? अरे बाबा, मला तर तू बाप्या का बाई हेबी आवाजावरून कळलं!”

“ती ओळ माझी,” मी म्हणालो. “चाची तसं बोललीच नव्हती. मी खोटं छापलं.”

केरबाचा चेहरा उतरला. चाचीने टोपली खाली ठेवली. “मास्तर, पिराच्या नावानं थापा मारता व्हय? लाज न्हाई वाटत?” मग केरबाकडून शिबिराचं ऐकून घेतलं आणि म्हातारीकडे वळून तिने हात पुढे केला. “तुला भ्या वाटायलंय का गं?”

“लय.”

“मलाबी. म्हनून तर मी कवा गेले न्हाई. चल, दोघी जाऊ. मेलो तर संगं मरू.”

दुपारच्या एसटीत दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून बसल्या. मी मागच्या बाकावर, तोंड लपवून. शिबिरातल्या डॉक्टरांनी कुरकुर करत चाचीचंही नाव घेतलं. दोघींच्या एकेका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर मी माझी थाप मोठ्या अक्षरांत कबूल केली. काहींनी अंक घेणं बंद केलं, पुष्कळांनी चालू ठेवलं. मासिक काही बुडालं नाही.

ती रविवारी का आली, हे मी तिला कधी विचारलं नाही. मी सुटका मागितली होती. देवाने खरं बोलायची वेळ आणून दिली. मागणं त्याच्यावर सोपवलं की देणंही त्याच्या पद्धतीने घ्यावं लागतं, एवढं मला त्या दिवशी कळलं, आणि त्याबद्दल मी अजून हात जोडतो.

जाड भिंगाचा चष्मा लावून चाची पहिल्यांदा घरी आली, तेव्हा माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता दुवा देणार.

“या अल्ला,” ती म्हणाली, “मास्तर, मला वाटलं हुतं तुमी दिसायला तरी बरे असाल.”