शुक्रवारची गाडी

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इकडे आखातात, अम्गऱ्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका शेडमध्ये एसीच्या डक्टचा पत्रा वाकवत होतो. गुरुवारची सकाळ. धाकट्या भावाने नुसतं "दादा, आये गेली" म्हटलं आणि रडायलाच लागला. मी त्याच्यावर खेकसलो. मला दुसरं काही सुचेना. रडायचं ते मागाहून रड, आधी सांग, कधीपर्यंत ठेवशील?

"उद्या दुपारपर्यंत ठेवतंव," तो म्हणाला. "तेच्या फुडे नाय जमाचा. वाडीत चूल पेटूक नाय, पोरां उपाशी आसत."

आमच्याकडे मयत घरात आहे तोवर अख्ख्या वाडीची चूल बंद. लोकांना किती थांबवणार? "मी येतंय," म्हटलं. "दुपारी कणकवलीक उतरतंय. माझ्याशिवाय उचलू नको. अग्नी मीच देतलंय." थोरला मी. आणि तिच्या आजारपणात एकदाही जाऊ शकलो नव्हतो, निदान एवढं तरी.

इथे कंपनीने हो म्हटल्याशिवाय देशाबाहेर पाय टाकता येत नाही, आणि शुक्रवारी ऑफिस बंद. तशाच काळ्या हातांनी मंदूबकडे, म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाकडे धावलो. एरवी हा बाबा 'उद्या बघू, उद्या बघू' करत आठवडा घालवतो. त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघून दुपारपर्यंत एक्झिट परमिट काढून दिलं. पहाटेआधी मुंबईत उतरणारं विमानही मिळालं. शुक्रवारच्या आत सगळं उरकलं म्हणून मी, गाढव, मनातून खूशसुद्धा झालो.

राहिलं वंदे भारतचं तिकीट. त्याची मला काडीची काळजी नव्हती. गेल्या सुट्टीत त्याच गाडीने गेलो होतो, आणि तिकीट ऐन वेळी करंटला काढलं होतं. चार्ट लागला की उरलेल्या सीटा मिळतात. संध्याकाळी बॅग भरली आणि मोबाईल घेऊन बसलो. गाड्यांची यादी आली. त्यात वंदे भारत नाही. पुन्हा शोधली. नाही. रूमच्या नेटला शिव्या घालत खाली बकाल्यात गेलो. बकाला म्हणजे आपलं वाण्याचं दुकान. ते चालवणारे चाचा रत्नागिरीकडचे, त्यांचं वायफाय बरं चालतं.

तिथेही तेच. चाचांनी मोबाईल हातात घेतला, तारीख बघितली.

"अरे बाला, उद्या जुम्मा. जुम्म्याला ती गाडी धावतच नाय."

"जुम्मा इकडे, चाचा! तिकडे कसली सुट्टी?" मी त्यांच्यावरच डाफरलो.

"तिकडे नाय. पण त्या गाडीला हाय."

इतकी वर्षं डोक्यात एकच बसलेलं: शुक्रवारी इथे सगळं बंद, तिकडे सगळं चालू. मंदूबची सुट्टी बघितली, ऑफिसची बघितली. सकाळपासून शुक्रवार शुक्रवार करत धावलो आणि गाडीचा वार काही बघितला नाही. शेण खाल्लं, दुसरं काय!

चाचांनी गिऱ्हाईकं तशीच उभी ठेवून बाकीच्या गाड्या बघितल्या. वेटिंग, वेटिंग. गोव्याचं विमान भरलेलं. मुंबईहून भाड्याची गाडी केली तरी त्या महामार्गाने पोचेपर्यंत तिन्हीसांज, आणि तिन्हीसांजेनंतर आमच्याकडे अग्नी देत नाहीत. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, हातात ताकाची बाटली दिली. मला ताक नको होतं. मला आई बघायची होती, एकदा, शेवटची.

भावाला फोन लावला. विमान पकडायचं होतंच, बाराव्याला तरी. पण हे सांगायला हवं होतं.

"वाट बघू नको," मी म्हटलं. "सकाळीच आटपून घेवा. अग्नी तूच दी."

तो म्हणाला, "मी आयेच्या कानात सांगलंय रे, दादा येता म्हणान."

"मगे आता परत सांग!" मी भर दुकानात ओरडलो. "दादा येणा नाय म्हणान सांग."

तो उठून सांगायला गेला. फोन बंद करायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. त्याने तिला सांगितलं ते मला सगळं ऐकू आलं.