अबोल्याची शिक्षा

बजाजनगरातल्या शाळेवरून परवा जाताना मधल्या सुट्टीच्या खिचडीचा वास आला आणि पाठोपाठ पोरांचा कालवा. रिक्षावाल्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला मात्र तो कालवा गोड लागला. याच शाळेत चित्रकला शिकवताना मी एका वर्गाची शांतता ऐकली आहे, आणि तिची मला अजून धास्ती वाटते.

सहावीचा तो वर्ग म्हणजे अंगात वारं शिरलेली पोरं. वर्गशिक्षक तरुण, मनानं मऊ. त्यांनी छडी कपाटात टाकली आणि नियम मुलांनाच करायला सांगितले. मला कोण कौतुक वाटलं! मुलांनी हात वर करून शिक्षाही ठरवली: जो मारामारी करील त्याच्याशी आठ दिवस कुणी बोलायचं नाही. सगळ्यांत उंच हात होता वैजापूरकडून आलेल्या एका मुलीचा. तिच्या तोंडाचा पट्टा सतत चालू. नियमात पहिली सापडली तीच. शिवी दिली म्हणून तिनं एकाला ढकललं होतं.

आठ दिवस संपले, अबोला संपला नाही. मोठ्यांच्या घरातही असंच होतं. अबोला धरायचं ठरतं, सोडायचा कुणी हे ठरत नाही. जो आधी बोलेल तो फितूर. माझ्या तासाला तिनं शेजारणीकडे हिरवा रंग मागितला. शेजारीण मान वर न करता पान रंगवत राहिली. मी माझी रंगपेटी पुढे केली, तर तिनं ती हळूच मागे सारली.

"बाई, माझ्याशी बोलू नका," ती कुजबुजली. "मग तुमच्याशीबी कुणी बोलनार नाय."

एवढीशी पोर माझी काळजी करत होती. मला रडू आवरेना. सरांना सांगितलं तेव्हा ते हबकले. उद्याच वर्गाशी बोलतो म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. आले ते वडील, काही दिवसांनी, दाखला न्यायला. "गावाकडंच शिकू द्या तिला," ते म्हणाले. "आता घरीबी बोलंना झाली."

सरांनी वर्गात विचारलं, तिची मैत्रीण कोण होती? एकही हात वर झाला नाही.

मुलांवर विश्वास टाकावा, असं मला आजही वाटतं. पण शिक्षा त्यांच्या हाती दिली की ती आपल्याच घरात पाहिलेली शिक्षा देतात. त्या वर्षी शिस्तीसाठी त्या वर्गाची वाहवा झाली. ती मुलगी आता मोठी झाली असेल. ती पुन्हा बोलायला लागली की नाही, हे मला कुणीच सांगितलेलं नाही.