न आटणारी रजई

पूर्णेपासून मानवतपर्यंत माझ्या धाकट्या दिराएवढा मोजूनमापून चुकणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. जन्मभर रेल्वेत रुळांवर काम करणारा गँगमन होता. रिटायर झाला तरी हातातला टेप सुटला नाही. दाराला पडदा आणायचा तर दार तीनदा मोजणार आणि पडदा वीतभर आखूडच आणणार. माझा नवरा गेला तेव्हा तिरडीचे बांबूही यानेच मोजले, तेही दोनदा, आणि सगळा गाव उन्हात उभा. "दादा उंच हाय वहिनी, पाय बाहेर निघतेल," म्हणाला. मी म्हटलं, "निघू दे, ते आता तक्रार करणार नाहीत." मी लग्न होऊन आले तेव्हा याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते. त्याचं कौतुक करायची सवय मला कधी लागली नाही.

त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, चार वर्षांपासून अंथरुणावर आहे. आधी डावं अंग गेलं, मग हळूहळू डोकंही जायला लागलं. हाडं टोचतात म्हणून तिला जुन्या लुगड्यांची गोधडी चालत नाही. लेकाने पुण्याहून ब्लँकेट पाठवलं, ते तिने चांगल्या हाताने खाली ढकललं. तिला मऊ कापसाची रजईच लागते. अंथरूण ओलं होतं, त्यामुळे ती रजई एक दिवसाआड धुवावी लागते, आणि कापसाची रजई धुतली की आटते. जाऊ आमच्या घरात सगळ्यात उंच बाई. रजई आटत आटत आधी घोट्यापर्यंत आली, मग पोटरीपर्यंत. वर ओढावी तर पाय उघडे, खाली ओढावी तर खांदे उघडे. "पायाला गार लागायलंय," एवढं एकच वाक्य ती दिवसभर म्हणायची. त्या वाक्यापायी दिराने स्वतःला वेड लावून घेतलं. न आटणारी रजई शिवायची, दुसरं काही त्याला सुचेना.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कापूस आणि कापड दोन्ही आधी कोमट पाण्यात भिजव, ढवळू नको, हाताने दाबून पाणी काढ, सावलीत वाळव. जे आटायचं ते शिवायच्या आधीच आटू दे. आणि टाके जवळजवळ घाल, म्हणजे कापूस जागचा हलत नाही. पण मी चौथी शिकलेली आणि तो रेल्वेतला. "रुळाला रूळ चिकटवून ठेवत नसतेत वहिनी," तो मला समजावायला लागला, "उन्हात फुगतेत, म्हणून मदी फट ठेवतेत. रजईलाबी जागा सोडावी लागती." जागा सोडून, हातभर अंतरावर सैल टाके घालून त्याने रजई शिवली. पहिल्याच धुण्यात सगळा कापूस पायाकडच्या टोकाला जाऊन बसला. मी म्हटलं, "पायाचं काम झालं की. आता छातीवर काय घालतोस, टाइमटेबल?"

दुसऱ्या वेळी कापूस भिजवला खरा, पण चुलीवर घंगाळ ठेवून, उकळत्या पाण्यात. मी गेले तेव्हा हा काठीने पिठल्यासारखा ढवळत होता.

"काय शिजवायलास रे?"

"कापूस."

"आणि ढवळतोस कशाला?"

"खाली लागंल की."

कापसाचे लिंबाएवढे घट्ट गोळे झाले. ते पिशवीत भरून तो मानवतच्या पिंजाऱ्याकडे घेऊन गेला. पिंजाऱ्याने एक गोळा दाबून पाहिला आणि म्हणाला, "चाचा, इसका अब कुछ नई होता." तरी हा दुसरा कापूस घेऊनच परतला. अंगणात मांडी घालून सुईत दोरा ओवणारा म्हातारा बघून गल्लीतल्या बायकांची करमणूक व्हायची. एकीने विचारलं, "मामा, माज्या साडीला फॉल लावून देता का?" याने मान वर न करता सांगितलं, "मोजून आणा."

तिसऱ्या वेळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. बोटांना सुया टोचून भोकं पडली होती. "तुमी सांगताव तसं करू वहिनी. तिचे पाय बर्फासारके लागायलेत." टेप आणला नव्हता. मग मी त्याच्या शेजारी बसून सगळं करून घेतलं, आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी टाके घातले. रजई तयार झाल्यावर तीनदा धुतली. तिन्ही वेळा त्याने ती दोरीवर मोजली, मग मला मोजायला लावली. बोटभरही कमी झाली नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्याचं माप बरोबर आलं.

दुपारी ती जावेच्या अंगावर घातली. हनुवटीपासून पायापर्यंत बाई झाकली गेली, शिवाय पायाखाली खोचायलाही रजई उरली. तो पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "आता?" तिने चांगल्या हाताने रजईचा काठ बराच वेळ चाचपला.

"ही कुणाची हाय?"

"तुजीच हाय."

"माजी न्हाई. माजी आखूड हाय. ज्याची त्याला देऊन या. लोक चोर म्हणतेल."

तीन दिवस आम्ही प्रयत्न केला. गोडीने, रागावून, झोपेत घालूनही पाहिली. जाग आली की ती रजई ढकलायची आणि लोकांची वस्तू घरात आली म्हणून रडायची. चौथ्या दिवशी त्याने जुनी आटलेली रजई काढली आणि तिच्या अंगावर घातली. तिने ती गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि शांत झोपली.

नवी रजई ट्रंकेवर घडी घालून ठेवली आहे. जुनी अजून एक दिवसाआड धुतली जाते आणि अजून आटते. दीर आता काही मोजत नाही. बाजेच्या पायथ्याशी बसतो, तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतो आणि वर हात ठेवतो. मी गेले की लाजून उठायला बघतो, मी म्हणते, बस. गार लागायलंय असं ती हल्ली म्हणत नाही. पायाला ऊब मिळते म्हणून, की तेही वाक्य विसरली म्हणून, ते मी त्याला विचारलेलं नाही.