पुकारेआप्पांच्या वहाणा

पुकारेआप्पा खोटे बोलायचे तेव्हा त्यांच्या पायांत वहाणा असत आणि खरे बोलायचे तेव्हा त्या काढून ठेवलेल्या असत. ही थट्टा नाही. आमच्या अर्ध्या रत्नागिरीला हे ठाऊक होते आणि आप्पांनाही ते मान्य होते. जुन्या चीजवस्तूंचा लिलाव पुकारणे हा त्यांचा धंदा, म्हणून खरे आडनाव मागे पडून 'पुकारे' हेच नाव चिकटले. मांडवीच्या वाटेवर एका बंद वखारीला जांभ्याचा ओटा होता. त्यावर उभे राहून आप्पा वस्तू हातात घेत, वहाणा काढून बाजूला ठेवत आणि तिची कुळी सांगत. म्हणजे ती मूळची कोणाच्या घरची, कोणी आणली, कोणाच्या हातून कोणाकडे गेली. मग समोरच्या माणसांना तीनदा विचारत, "कुणाचं काही म्हणणं?" तीनदा कोणी बोलले नाही, की वहाणा पायांत सरकवायच्या आणि बोली सुरू.

एकदा वहाणा चढल्या, की आप्पांच्या जिभेला हाड नसे. "ही समई न्या, सूनबाई भांडायची थांबेल!" "ही पिकदाणी बघून तरी तुमचे व्याही नीट थुंकतील!" लोक हसत आणि हसता हसता बोली चढवत. मी एकदा म्हटले, "आप्पा, हे सगळं खोटंच की." ते म्हणाले, "बोलीत इकडचं तिकडं चालतं ओ मास्तर. बोली धंद्याची. कुळी देवाची."

ही रीत त्यांनी देवळातून आणली होती. तरुणपणी ते उत्सवात देवापुढचे नारळ आणि केळीचे घड लिलावात पुकारत. देवळात पाय अनवाणीच असायचे. पुढे मुंबईला गेलेल्या मुलांनी इथली घरे आवरायला घेतली. झुंबरे, चिनी बरण्या, गलबतावरची होकायंत्रे बाहेर निघाली आणि ती घ्यायला बोटीने शेठलोक येऊ लागले. आप्पा देवळातून वखारीच्या ओट्यावर आले, पण खरे बोलायला पाय उघडेच हवेत हे त्यांच्या डोक्यातून गेले नाही.

मी शाळेत मास्तर होतो आणि अक्षर बरे होते, एवढ्या भांडवलावर आप्पांनी मला धरले. प्रत्येक वस्तूची कुळी मी कागदावर लिहायची, आणि जिथे शंका असेल तिथे रविवारी जाऊन विचारपूस करून यायची. "तुमचं अक्षर बघून वस्तूला आपण कोण ते कळतं," असे ते म्हणत. ओट्यावर बंदरापर्यंत ऐकू जाणारा हा माणूस घरात इतका हळू बोले, की पाणी मागितले तरी त्यांच्या बायकोला "काय म्हणालात?" असे विचारावे लागे. मला ते फार आवडत. हे मी त्यांना कधी सांगितले नाही, तेव्हा इथे सांगून टाकतो.

एकदा एका व्यापाऱ्याने तलवार आणली. आपले आजोबा आरमारात सरदार होते आणि ही त्यांची, असे त्याचे म्हणणे. आप्पांनी तलवार न्याहाळली, मुठीवर बोट फिरवले. म्हणाले, "तलवार चांगली आहे. पण तुमचे आजोबा मीठ विकायचे. माझ्या आजोबांनीच घेतलंय त्यांच्याकडून." मग ओट्यावर चढून, वहाणा काढून त्यांनी पुकारले, "एक तलवार. कुळी ठाऊक नाही." तलवार मातीमोल गेली. तो व्यापारी पुढे आप्पा दिसले की रस्ता बदलायचा. आप्पा म्हणत, "त्याचा रस्ता लांब पडतो. आपल्याला काय!"

त्या वर्षांत सगळ्यात जास्त खप होता तो राजाच्या नावाचा. ब्रह्मदेशचा राजा आमच्या गावी कैदेत राहिला आणि इथेच वारला. त्याच्या घरच्या वस्तू पांगल्या होत्या, हे खरे. पण गावातल्या दर फुटक्या बशीला राजाचा हात लागलेला निघू लागला, तेव्हा आप्पा वैतागले. "एवढ्या बशा असत्या तर राजाने हॉटेल काढलं असतं," असे ते म्हणाले.

अशात आमच्या आळीतल्या काकी पेटी घेऊन आल्या. काकींचे यजमान राजवाड्यावर कारकून होते. ते जाऊन वर्ष झाले होते, आणि काकी बिऱ्हाड मोडून देवरुखला लेकीकडे कायमच्या निघाल्या होत्या. पेटी शिसवी लाकडाची, पानसुपारीची, झाकणावर पिसारा फुलवलेला मोर. "राजाने खूश होऊन ह्यांना दिली," काकी म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. आप्पांनी पेटी उलटी केली. तळाला एक बारीकशी पिवळी खुंटी होती, फणसाच्या लाकडाची. काकी गेल्यावर ते मला म्हणाले, "शिसवाच्या पेटीला फणसाची खुंटी? राजाकडे काय शिसव संपला होता? मास्तर, पालीला एक म्हातारा सुतार आहे. राजवाड्यातलं मोडकंतोडकं तोच दुरुस्त करायचा. त्याला विचारून या."

रविवारी मी निघालो. हातखंब्याला बैलगाडी थांबली आणि तिथे माझे मेहुणे उभे. जावई दारावरून कसा जाईल! ओढत घरी नेले. बांगड्याचे तिखले, भात, वर सोलकढी. जेवून मी जरा लवंडलो तो उठलो उन्हे कलल्यावर. पाली अजून पुढे राहिली होती आणि परतीची गाडी दारात उभी होती. मी माघारी आलो.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी विचारले, "जाऊन आलात?" मी सरळ म्हणू शकलो असतो, की पुढच्या रविवारी जातो. आप्पा रागावलेही नसते. पण वर्गात पोरांपुढे 'ठाऊक नाही' न म्हणायची सवय लागलेली जीभ. मी म्हणालो, "आलो. पेटी राजवाड्यातलीच." आणि माझ्या सुंदर अक्षरात तसे लिहूनही दिले.

लिलावाच्या दिवशी आप्पांनी ती खुंटी पुन्हा एकदा पाहिली आणि माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी वहाणा काढल्या, कुळी सांगितली, तीनदा विचारले. पेटी मुंबईच्या एका शेठने मोठी बोली लावून नेली.

दोन महिन्यांनी पालीचा तो सुतार बाजाराला आला. त्याच्या कानावर गोष्ट गेली आणि तो हसत हसत आप्पांच्या दारात उभा राहिला. मी शाळेत होतो, पण त्याचे बोलणे साऱ्या बाजाराने ऐकले आणि माझ्यापर्यंत आणून पोचवले. "माजी पेटी राजाची झाली म्हनं! आता मी मेलो तरी चालंल बगा. कारकुनानं घडवून घेतलीन, राजाच्या पेटीसारकी कर म्हनाला. बायकोला द्यायची हाय म्हनाला. ती फनसाची खुटी माजी खून हाय."

आपल्याकडे कोणी मास्तर आलाच नाही, हेही त्याने आप्पांना सांगितले असेल का? मी आठ दिवस आप्पांच्या आळीतून गेलो नाही. त्यांनीही बोलावले नाही. त्यांनी शेठला पत्र धाडले, त्याचे पैसे स्वतःच्या पदरचे परत केले आणि पेटी मागवून घेतली. काकींकडून त्यांनी काहीच घेतले नाही. देवरुखला स्वतः जाऊन पेटी त्यांच्या हातात दिली. काकी रडायला लागल्या, "मग ह्यांनी मला खोटं का सांगितलं?" आप्पा म्हणाले, "राजाने दिली नाही, हे खरं. नवऱ्याने हौसेने घडवून घेतली. यात मोठं काय, ते तुम्ही ठरवा." हे मला पुढे काकींच्या लेकीने सांगितले. पेटी काकींनी शेवटपर्यंत उशाशी ठेवली.

पुढचा लिलाव आला. आप्पा घरापासूनच अनवाणी आले. ओट्यावर चढले. हातात वस्तू नव्हती. "मागे मी एक पेटी राजाची म्हणून पुकारली," ते म्हणाले. "ती राजाची नव्हती. पालीत घडलेली होती. मला खुंटी दिसली होती, तरी मी पुकारली. चौकशी कमी पडली, ती माझी. कुणाचं काही म्हणणं?"

मी चौथ्या रांगेत होतो. कोणी बोलले नाही. "कुणाचं काही म्हणणं?" मी माझ्या पायांतल्या वहाणांकडे पाहत राहिलो. तिसऱ्यांदा विचारून आप्पा थांबले. नेहमीपेक्षा बराच वेळ थांबले. शेजारचा कोणी पुटपुटला, की म्हाताऱ्याला धाप लागली. मीही तेच धरून चाललो. मग आप्पा ओट्यावरून उतरले आणि घरी गेले.

त्या दिवसानंतर त्यांनी लिलाव पुकारला नाही. लोकांनी फार आग्रह केला. ते म्हणत, "नको. आता पाय लटपटतात." त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. तो बूट घालून ओट्यावर चढे आणि बूट घालूनच कुळी सांगे. आठवड्याला दोन-दोन राजांच्या पेट्या विकू लागला. गावाचा एक खरा माणूस माझ्या एका जेवणापायी ओट्यावरून गेला, हे मला ठाऊक होते आणि मी ते कोणाला सांगत नव्हतो. आप्पा रस्त्यात भेटले तर "काय मास्तर, बरं ना?" असे विचारत. त्या 'बरं ना'ने मला आठवडाभर झोप लागत नसे.

चार-पाच वर्षांनी आप्पा आजारी पडले, उठण्याची आशा नाही असे कळले. मी मनाचा हिय्या करून गेलो. सगळे सांगून टाकायचे ठरवूनच गेलो होतो. आप्पा खाटेवर पडून होते, वहाणा कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मी बसलो आणि आधी हवापाण्याचे काही बोललो. आप्पांनी हात वर केला. आवाज इतका बारीक, की मला वाकावे लागले.

"मास्तर, पडल्यापासून पायांत वहाणा नाहीत. आता खोटं बोलायची सोयच राहिली नाही," ते हसले. "म्हणून सांगतो. त्या दिवशी तिसऱ्यांदा विचारून मी थांबलो, ते धाप लागली म्हणून नव्हे. सुताराने मला सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्ही उठाल."

मी खाली पाहिले.

"उठला असतात, तर दुसऱ्या खेपेला मी परत ओट्यावर चढलो असतो ओ. चुकतो माणूस. दोघांनी मिळून चूक उचलली असती. एकट्याला जड गेली, एवढंच."

मला काही बोलता आले नाही. तेव्हाही नाही. त्यांचा हात हातात धरून मी बसून राहिलो, आणि त्यांच्या बायकोने आणलेला चहा तसाच निवून गेला. तिसऱ्या दिवशी आप्पा गेले.

आता मीही म्हातारा झालो. हे लिहायला बसण्याआधी वहाणा उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या आहेत. माझे म्हणणे होते, आप्पा. मी पालीला गेलोच नव्हतो.