बर्फाच्या गावचे नऊ जण आणि आमची बेंजो पार्टी

आइसलँडच्या एका इलेक्ट्रॉनिक बँडचा अख्खा इतिहास मला पाठ आहे. तो मला आजवर कोणीही विचारलेला नाही, पण म्हणून काही मी गप्प बसलेलो नाही. तो न ऐकता माझ्या हातून सुटलेला माणूस पनवेलजवळच्या आमच्या विचुंबे गावात सापडणं कठीण. सलूनवाला तर मला खुर्चीत बसवलं की आधी माझ्या तोंडाला साबण लावतो.

मी न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला आहे. एकदा घरी येताना यार्डाची गाडी ट्रेलरच्या रांगेत अडकली. मी मोबाइलवर आमचीच हळदीची गाणी ऐकत होतो. ती संपली आणि मोबाइलने आपल्या मनाने काहीतरी भलतंच लावलं. नुसतं धम्म धम्म, आणि त्यावर एक माणूस एकच अक्षर धरून बसलेला. बंद करायला बोट नेलं, पण पुढचा ट्रेलर हलेना तसं ते गाणंही हलेना, आणि फाट्यापर्यंत पोचलो तेव्हा मला ते आवडलेलं होतं. यात माझा काही दोष नाही, सगळा दोष रस्त्याचा.

मग मी ते गाणाऱ्या बँडची कुंडली काढली. ही मंडळी मुळात जमली होती एक छोटासा सिनेमा काढायला. कोणी नट, कोणी कॅमेरावाला, कोणी गाणारं. सिनेमा राहिला बाजूला आणि झाला बँड. चांगले नऊ जण. पुढे अर्धे फुटले, मग दोघं-तिघं उरले, मग गेलेल्यांतला एक परत आला, दुसरा निघून गेला. हे वाचताना मला सारखं वाटत होतं की हे मी आपल्याच आळीत कुठेतरी बघितलंय.

आमची बेंजो पार्टी. मी बेंजोवर, माझा चुलतभाऊ कीबोर्डवर, बाकी ढोल-ताशा आणि खुळखुळे. हळद असो, साखरपुडा असो, नाहीतर टेनिस बॉलच्या सामन्यांचं उद्घाटन, आम्ही आहोतच. लहानपणी आम्ही दोघं एकाच पाटावर बसून रॉकेलचे डबे बडवायचो आणि दोघांच्या आया एकाच काठीने आम्हाला बडवायच्या. इतकी जुनी पार्टी ती, पण एका बॅनरवरून फुटली.

झालं असं की टेम्पोला लावायचा नवा बॅनर छापून आला. त्यात माझा गॉगल घातलेला फोटो मधोमध, चांगला मोठा, मागे सूर्य उगवलेला. आणि चुलतभावाचा फोटो खाली फोन नंबरच्या शेजारी, बटणाएवढा. फोटो छापणाऱ्याने आपल्या अकलेने लावले होते, मी त्याला एवढंच म्हणालो होतो की सूर्य असू दे. पण ऐकतो कोण. ‘याच्यापेक्षा तर याचा गॉगल मोठाय,’ असं म्हणून चुलतभाऊ कीबोर्ड उचलून घरी गेला तो गेलाच. आता म्हणे एकटाच डीजे होणार होता.

माझी आत्या धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण लागतेच. लग्नाचे धवळे तीच गाते, आणि त्या गाण्यातच देवांना, पितरांना, सोयऱ्यांना एकेक करून मांडवात बोलावते. धवळ्यात ज्याला बोलावलं त्याने यायचंच, अशी रीत. देवसुद्धा येतात, मग माणसाची काय कथा.

घरचे सगळे उठून गेल्यावर मी तो बँडचा इतिहास आत्याला सांगायला लागलो, कारण ती सुका जवळा निवडत बसलेली असायची आणि उठून जाऊ शकत नव्हती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “तिथं मासली गावते का?”

म्हटलं, “तिथं मासळीच मासळी. सगळा देश मासळीवर.”

“मंग आपलेच हायेत,” आत्या म्हणाली. “मीठ कुटून आनतात?”

आमची मिठागरं होती, त्यामुळे हा प्रश्न तिला जिव्हाळ्याचा. मी मोबाइलवर शोधायला लागलो. तिने त्यांचं गाणं लावायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि निवाडा दिला, “गला बरा हाय. पन उपाशी वाटतो.”

त्या दिवसापासून ती रोज विचारायची, आज काय झालं त्या नऊ जणांचं. मी सांगायचो, अमका गेला. ती विचारायची, कशावरून गेला, जमिनीवरून का बायकोवरून? मी म्हणायचो, आत्या, संगीताच्या दिशेवरून. हे तिला अजिबात पटायचं नाही. “दिशेवरून कोनी घर सोडतं का? फोटोवरून गेला असल,” ती म्हणायची आणि माझ्याकडे न बघता जवळ्यातला कचरा बाजूला टाकायची.

तेवढ्यात तिच्या नातीचं लग्न ठरलं. आमच्यात हळदीला बेंजो नसणं म्हणजे मांडवाला खांब नसण्यासारखं. मी खांदा कॉलनीतला एक कीबोर्डवाला बघून ठेवला. आत्याने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. “एक भाचा वाजवल नि एक भाचा घरात बसल, असली हलद मना नको. दोगं या, नायतर बेंजोच नको. मी पोरीला मुक्यानं हलद लावीन.”

आळीतले सगळे चुलतभावाला सांगायला जाऊन आले. तो प्रत्येकाला चहा पाजायचा आणि म्हणायचा, “बोलावण्यात मान नाय.” आत्या स्वतः गेली तर त्याने पाया पडून चहाबरोबर खारी दिली आणि विषय नव्या मुंबईच्या विमानतळावर नेला. मीही एकदा त्याच्या दारापर्यंत गेलो होतो. आतून कीबोर्ड ऐकू येत होता. एकट्याने वाजवत होता, आणि जिथे माझा बेंजो उचलतो तिथे थांबून मोकळी जागा ठेवत होता. मला फार वाईट वाटलं. पण मीही त्याचाच भाऊ, बेल न वाजवता परत आलो.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात बायका जमल्या. आत्या पाटावर बसली, तिच्यापुढे माइक, आणि कर्णा तोंड करून थेट चुलतभावाच्या गच्चीकडे. तो कर्णा तसा कोणी लावला होता ते मी विचारलं नाही. तिने धवळा धरला. गावदेवीला बोलावलं, कुलदेवाला बोलावलं, खाडीला, मिठागरांना, वारलेल्या आजोबांना बोलावलं. बायका मागून तीच ओळ ओढत होत्या. आणि मग त्याच चालीत, तोंडावरची माशी न हलवता, आत्या गाऊ लागली की बर्फाच्या गावच्या नऊ जणांनो, मांडवाला या. राहिले ते या, गेले ते बी या, रुसून गेले ते आदी या, तुमची पानं मांडलीत.

बायकांनी तेही ओढलं. नवऱ्या मुलीच्या मावशीने शेजारणीला विचारलं की हे कुठले पाव्हणे, आणि शेजारणीने खात्रीने सांगितलं, उरणकडचे.

नऊच्या नऊ जणांना बोलावून झाल्यावर आत्याने श्वास घेतला आणि गायली, “कीबोर्डवाल्या माज्या भाच्या, तूबी ये.”

चुलतभाऊ आला. बनियन आणि हाफ पँटवर, एका पायात चप्पल, डोळे लाल. मांडवाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, “आत्या, हे बरोबर नाय. मी तुझा सख्खा भाचा. आन् माझं नाव त्या गोऱ्या लोकांच्या मागं? ते नऊ जण कोन लागतात तुझे?”

माइक चालूच होता, त्यामुळे त्याची तक्रार पार नव्या पनवेलपर्यंत गेली असेल.

आत्याने पदराने तोंड पुसलं. “लांबून येनाऱ्याला आदी बोलवायचं असतं, बाला. त्यांना वाट लांब,” ती म्हणाली. “तू घरचा. घरच्याला बोलवावं लागलं, याचीच मना लाज वाटते.”

मग तो घरी जाऊन कीबोर्ड घेऊन आला आणि खाली बघत मला त्याची वायर कुठे जोडायची म्हणून विचारू लागला. वायर गेली कित्येक वर्षं तिथेच जोडत होता तो. मी हाताला धरून दाखवली.

नवा बॅनर आता टेम्पोवर आहे. मधोमध, सूर्यासमोर, गॉगल घातलेली आत्या. खाली आम्ही दोघं, बटणाएवढे, अगदी एका मापाचे.